मॅसी १०३५ साठी रिबिल्ट ड्युअल क्लच: घ्यावा का?

जुन्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरचा क्लच गेला की दुकानदार तीन पर्याय काढतो: नुसत्या प्लेटा, रिबिल्ट (जुनीच दुरुस्त केलेली) असेंब्ली आणि नवा कंपनी-पॅक सेट. हे परीक्षण मधल्या पर्यायाचं. सिंगल क्लचची गाडी असेल आणि काम हलकं असेल, तर रिबिल्टनं निभावतं. ड्युअल क्लचला (एकाच पायडलवर गाडी आणि पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट, दोन्ही सोडणारा) मात्र तपासल्याशिवाय हात लावू नये. किमतीत वाचलेले पैसे ट्रॅक्टर दुसऱ्यांदा फोडायच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायच्या) मजुरीत सहज जातात.

रिबिल्टमध्ये कव्हरमधली ओतीव प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) लेथवर फेस करतात, म्हणजे कापून सपाट करतात, फिंगरच्या (ती प्लेट मागे ओढणाऱ्या लिव्हरच्या) पिना बदलतात, क्लच प्लेटांना नवं फेसिंग (घर्षणाचं अस्तर) मारतात आणि वर रंग देतात. खरी अडचण रंगाखाली असते. दर वेळी लेथवर कापली की प्रेशर प्लेट पातळ होते, ती फ्लायव्हीलकडे (इंजिनच्या मागच्या जड चाकाकडे) जास्त सरकते आणि स्प्रिंगची पकड कमी होते. उसाची भरलेली ट्रॉली ओढताना अर्धा क्लच दाबून चालवलेल्या गाडीची स्प्रिंग आधीच तापून मेलेली असते, आणि बहुतेक रिबिल्टमध्ये तीच परत बसते. शेडमध्ये रिकामी गाडी छान चालते, चढाला लागली की स्लिप मारते.

घेताना काउंटरवरच बघा. कव्हर सपाट काचेवर ठेवून तिन्ही फिंगरांची उंची मोजा, फरक दिसला तर परत द्या. प्रेशर प्लेटवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा नकोत. रिव्हिटचं डोकं फेसिंगच्या पातळीपासून किमान १ मिमी आत हवं. मेन प्लेट मोठी (११ इंची) आणि पीटीओची लहान; दोन्हींचा व्यास आणि स्प्लाइनचे (शाफ्टवर बसणाऱ्या खाचांचे) दात जुन्या प्लेटशी ताडूनच घ्या. सगळ्या १०३५ ला एकच सेट बसतो यावर विसंबू नका.

फोडण्याआधी पुढच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका, नाहीतर सुटं झालेलं इंजिन मधल्या पिनेवर कलंडतं. बॅटरी, डिझेल पाइप, स्टिअरिंगचे दोन्ही रॉड, थ्रॉटल आणि मीटरची केबल सोडून बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घुमटाच्या) जोडावर गाडीचे दोन भाग दोन फूट लांब करा. ड्युअलचं कव्हर खोलायचं असेल तर तीन लांब स्टड लावून नट आळीपाळीनं सैल करा. आत स्प्रिंगचा जोर असतो, एकदम सोडलं तर हाताचं काही खरं नाही.

गाडी उघडी आहे तोवर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील बदला. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची सीलंही तपासा. यातलं एक जरी पाझरत राहिलं तरी नवं फेसिंग तेलकट होऊन क्लच थरथरायला लागतो, आणि दोष मात्र सेटला जातो. फ्लायव्हीलला कट मारताना कव्हर जिथं टेकतं तो काठही तेवढाच खाली घ्यायचा. टर्नरला हे बजावून सांगा, बरेच जण फक्त मधला भाग फेस करतात.

प्लेट सेंटर करायला जुना इनपुट शाफ्ट उत्तम. गाडी जोडताना स्प्लाइन बसत नसेल तर इंजिन हातानं थोडं फिरवा, पण बोल्टांनी ओढून घेऊ नका. गिअरबॉक्सचं वजन प्लेटच्या हबवर (मधल्या भागावर) लटकलं की हब वाकतो, मग पायडल कितीही दाबा, क्लच पूर्ण सुटत नाही.

सेटिंगमध्येच रिबिल्टचा निकाल लागतो. पायडलच्या पहिल्या टप्प्यात गाडी थांबते, दुसऱ्यात पीटीओ. त्यासाठी कव्हरवरच्या तीन ॲडजस्ट स्क्रूंमधली फट साधारण २ मिमी हवी, तिन्हीकडे सारखी. फट जास्त राहिली तर पायडल तळाला टेकूनही रोटाव्हेटर फिरत राहतो. कमी राहिली तर पीटीओ लवकर सुटतो. पायडलचा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधीची मोकळी चाल) सुमारे १० मिमी ठेवा. फेसिंग झिजेल तसा तो कमी होत जातो, म्हणून हंगामात अधूनमधून बघावा लागतो.

गिअरची तक्रार क्लचवर ढकलू नका. या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश (गिअरचा वेग आपोआप जुळवणारी रचना) नाही, त्यामुळे पायडल दाबून तीन-चार सेकंद थांबूनच गिअर टाकायचा. थांबूनही कडकड वाजला तर क्लच सुटत नाही असं समजा. पावसाळाभर उभी राहिलेल्या गाडीत गंजून चिकटलेली प्लेट हे त्याचं नेहमीचं कारण. गिअर आपोआप निसटत असेल तर शिफ्टर रॉडची स्प्रिंग किंवा झिजलेले दात बघा. नवा सेट तिथं काही करणार नाही. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ दिसलं तर गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून पाणी जातंय का ते बघा.

पाचपैकी गुण द्यायचे तर सिंगलच्या रिबिल्टला साडेतीन, ड्युअलच्या रिबिल्टला दोन. दुकानदार जुनं कव्हर बदल्यात मागतो. मूळ कंपनीचं, एकदाही फेस न मारलेलं असेल तर ते लगेच देऊ नका. आधी नवं बसवा, रोटाव्हेटर लावून दोन्ही टप्पे तपासा, मगच जुनं सोडा.