भाट्याच्या किनाऱ्यावर महिनाभर वापरलेला अ‍ॅक्रिलिक संच
दर रविवारी संध्याकाळी भाट्याला जायचं आणि उजेड सरायच्या आत एक चित्र पुरं करायचं, तेही काळा रंग न वापरता, असं आम्हा सहा जणींचं ठरलं. त्यासाठी रत्नागिरीत बारा ट्यूबांचा हा संच घेतला. रंग दाट, झकास. अल्ट्रामरीन या गडद निळ्यात मुगाएवढा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, मिसळला की सुरूच्या बनातली सावली करडी-निळी, जिवंत उतरते. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने आणि मंडळींचं, म्हणजे सावल्याही काळ्याऐवजी रंगांत रंगवणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं, पहिलं प्रदर्शन पाहून लोक का बिचकले असतील, ते तेव्हा उमगलं.
खाऱ्या वाऱ्यात मात्र रंग पॅलेटवर बघता बघता वाळतो. ओल्या फडक्यावर बटर पेपर अंथरून त्यावर रंग काढा. पांढरी ट्यूब दुसऱ्याच रविवारी संपली. ती मोठी, सुटी घ्याच.