मालिका न बघता थेट चित्रपट बघावा का? ‘सेरेनिटी’, ‘रॅथ ऑफ खान’ आणि स्टार ट्रेकचा पहिला चित्रपट

टीव्हीवरच्या अंतराळ मालिकेतून निघालेला चित्रपट बघायचा म्हटलं की बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात: मालिका पाहिलेली नाही, मग चित्रपट कळेल का? गोष्ट कळायला काहीच अडचण नाही. इथे घेतलेल्या तिन्ही चित्रपटांत ती नीट मांडलेली आहे. पण अशा चित्रपटात माणसांत जीव गुंतला नाही तर नुसती यानं उडताना दिसतात, आणि जीव गुंतायला प्रत्येक चित्रपट वेगळी तयारी मागतो. म्हणून वेळ किती आहे ते आधी ठरवा. एकच संध्याकाळ मोकळी असेल तर स्टार ट्रेकचा दुसरा चित्रपट, ‘द रॅथ ऑफ खान’. दोन-तीन आठवडे रोज तासभर काढता येत असेल तर आधी ‘फायरफ्लाय’ ही मालिका आणि मग ‘सेरेनिटी’. स्टार ट्रेकचा पहिला चित्रपट, ‘द मोशन पिक्चर’, मात्र मी कोणालाही सुरुवातीला बघायला सुचवणार नाही.

खानपासून सुरुवात करू. मूळ ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९६६ ते १९६९ चालली, भाग ७९. दुसऱ्या चित्रपटाची जबाबदारी आल्यावर निर्माता हार्व्ह बेनेट याने हे सगळे भाग बसून पाहिले आणि त्यातून १९६७ मधल्या ‘स्पेस सीड’ या भागाचा खलनायक उचलला: खान नूनियन सिंग. प्रयोगांतून घडवलेला अतिमानव, एके काळी पाव पृथ्वीवर राज्य केलेला हुकूमशहा. मालिकेत तो उत्तर भारतातला, बहुधा शीख, असल्याचा उल्लेख आहे, आणि भूमिका केली आहे मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोन्टालबान याने. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे खटकणारच, आणि खटकायलाही हवं. तरीही मोन्टालबानने उभा केलेला माणूस विसरता येत नाही. त्या भागाच्या शेवटी मालिकेचा नायक, ‘एंटरप्राइज’ यानाचा कॅप्टन कर्क, त्याला एका निर्जन ग्रहावर सोडून देतो. चित्रपटात मधे पंधरा वर्षं गेली आहेत आणि खान सूड घ्यायला निघाला आहे.

म्हणजे तयारी फक्त त्या एका भागाची, पन्नास मिनिटांची. तो पाहिला की चित्रपटाच्या ११३ मिनिटांत काहीही परकं वाटत नाही. न पाहताही चालतं, कारण मधे काय घडलं ते खान स्वतःच सांगतो. पण १९६७ चा तो तरणाबांड, गर्विष्ठ चेहरा आधी पाहिलेला असला की १९८२ चा रापलेला, पांढऱ्या केसांचा चेहरा पाहताना सूडाला वजन येतं.

दिग्दर्शक निकोलस मेयर याने हा चित्रपट आरमारी कथेसारखा रचला आहे. गणवेश, शिट्ट्या, तोफांची तयारी, जहाजावर कोण कोणाला काय म्हणतं याची शिस्त, सगळं समुद्रावरचं आहे. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. सुरुवातीला कर्कचा वाढदिवस असतो आणि डॉक्टर मॅकॉय त्याला जुन्या पद्धतीचा चष्मा भेट देतो. जवळचं नीट दिसेनासं झालेल्या, वय मान्य करायला तयार नसलेल्या माणसाला दिलेली ही भेट. पुढे खानने त्याचं जहाज निकामी केलेलं असतं, शरण यायला साठ सेकंद दिलेली असतात. कर्क वेळ काढतोय, त्याचा जुना सहकारी स्पॉक शेजारी उभा आहे, आणि खानच्या जहाजाचं संरक्षण उघडायचा पाच आकडी संकेत पडद्यावरून वाचायचा आहे. त्या क्षणी तो खिशातून चष्मा काढतो. मोठ्या लढाईच्या मधोमध म्हातारपणाची कबुली! मालिकेत पाहिलेला तरुण कर्क आठवत असेल तर हा क्षण दुप्पट पोचतो, पण नसला आठवत तरी कळतो. या चित्रपटाची खरी ताकद मला इथे दिसते: मालिकेतून जे घेतलं ते त्याने पडद्यावर पुन्हा कमावलं आहे.

आणखी एक गंमत म्हणजे कर्क आणि खान संपूर्ण चित्रपटात एकदाही समोरासमोर येत नाहीत. सगळं वैर दोन जहाजांच्या पडद्यांवरून. शेवटची झुंज एका तेजोमेघात होते, जिथे दोघांचीही यंत्रं आंधळी झालेली असतात आणि दोन अवाढव्य जहाजं एकमेकांना चाचपडत फिरतात. जेम्स हॉर्नरचं संगीत तिथे ऐकाच. खर्चाच्या मानानेही हे काम थक्क करणारं आहे: सुमारे १.२ कोटी डॉलर. पहिल्या चित्रपटाला ४.४ कोटींच्या आसपास लागले होते, आणि त्यातलीच यानाची काही दृश्यं इथे पुन्हा वापरली आहेत. चुका आहेत. ‘स्पेस सीड’मध्ये कर्कचा सहकारी चेकॉव्ह नव्हताच, तरी इथे खान त्याचा चेहरा ओळखतो. त्याने काही बिघडत नाही.

आता ‘सेरेनिटी’. इथे मी तुम्हाला जरा थांबवणार आहे.

‘फायरफ्लाय’ फॉक्स वाहिनीवर सप्टेंबर २००२ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये संपलीसुद्धा. चौदा भाग तयार होते, त्यातले अकराच दाखवले, तेही उलटसुलट क्रमाने. ज्या पहिल्या भागात सगळ्यांची ओळख होते तो सर्वांत शेवटी दाखवला! प्रेक्षक जमायचे कसे? पण पुढच्या वर्षी डीव्हीडी आल्या, त्या झपाट्याने खपल्या, आणि त्या खपाच्या जोरावर युनिव्हर्सल स्टुडिओने मालिकेचा कर्ता जॉस व्हीडन याला चित्रपट करू दिला. सप्टेंबर २००५ मध्ये तो आला. खर्च ३.९ कोटी डॉलर आणि जगभरची कमाई जेमतेम तेवढीच, त्यामुळे पुढचा भाग निघाला नाही. प्रेम मात्र कमी झालं नाही. २००७ मध्ये अंतराळवीर स्टीव्हन स्वॉन्सन याने मालिकेच्या आणि चित्रपटाच्या डीव्हीडी थेट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेल्या.

गोष्ट हरलेल्या माणसांची आहे. यादवी युद्धात पराभूत बाजूने लढलेला माल्कम रेनल्ड्स एक जुनाट मालवाहू यान घेऊन जमेल ते काम, बरंचसं बेकायदा, करत फिरतो. यानावर नऊ जण. त्यांतल्या रिव्हर या मुलीवर सरकारने प्रयोग केलेत आणि सरकारला ती परत हवी आहे. चित्रपटात तिच्या मागावर एक बिननावाचा हस्तक येतो. चिवेटेल एजिओफोरने तो इतका शांत आणि सभ्य रंगवलाय की भीती वाटते. आपण करतो ते वाईट आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तरीही ते करायलाच हवं असं तो मनापासून मानतो.

नवख्या प्रेक्षकाची सोय व्हीडनने फार सुंदर केली आहे. सुरुवातीलाच यान वातावरणात शिरताना त्याचा एक पत्रा उडून जातो, आणि माल्कम चौकशी करत नियंत्रण कक्षातून निघतो. कॅमेरा त्याच्या मागे. बंदुका गोळा करणारा जेन, शांतपणे सगळं निभावणारी झोई, इंजिनाशी बोलत असल्यासारखी कामाला भिडलेली केली, बहिणीला मोहिमेवर नेऊ नका म्हणून भांडणारा सायमन, आणि भांडत भांडत जिने उतरून खाली मालाच्या कोठारात, जिथे रिव्हर पडून सगळं ऐकते आहे. चारेक मिनिटांचा हा सलग फेरफटका. एवढ्यात अख्खं यान आणि त्यातली जवळपास सगळी नाती समजतात.

तरीही समजणं आणि जीव लागणं यांत अंतर आहेच. चित्रपटाच्या उत्तरार्धात काही गोष्टी इतक्या अचानक घडतात की हळहळायलाही वेळ मिळत नाही. काय ते सांगत नाही. चौदा भाग या लोकांबरोबर जेवलेल्या, त्यांचे टोमणे ऐकलेल्या प्रेक्षकाला ते घाव बसतात. थेट चित्रपट पाहणाऱ्याला तो कथेतला एक धक्का वाटतो. आणि एकदा चित्रपट पाहिला की मालिका तशी निखळपणे बघता येत नाही. उलट क्रमाचं नुकसान भरून निघत नाही, म्हणून माझा आग्रह: मालिका कधी तरी बघायची इच्छा असेल तर ‘सेरेनिटी’ आधी बघू नका. इच्छाच नसेल तर खुशाल बघा, ११९ मिनिटं छान जातील.

मालिका आधी पाहणाऱ्यांना थोडा त्रासही होतो. सायमनने बहिणीला सोडवलं ते मालिकेत पैसे मोजून आणि दुसऱ्यांकरवी. चित्रपटात तो स्वतः आत घुसतो. मालिकेतली ती निवांत, ‘वेस्टर्न’ म्हणजे काउबॉयपटांसारखी गावरान लय चित्रपटात घाईची होते. भाग लावताना डीव्हीडीचाच क्रम धरा. पहिल्या भागाचं नावही ‘सेरेनिटी’च आहे, त्यामुळे चुकून चित्रपट लावला जाऊ शकतो. पात्रं मधेच चिनी भाषेत शिव्या देतात, त्यांची सबटायटल्स शोधत बसू नका. अर्थ लागतो.

‘द मोशन पिक्चर’ १९७९ चा. स्टार ट्रेकची नवी टीव्ही मालिका करायचं ठरत होतं, तिच्या पहिल्या भागाची कथा ताणून हा चित्रपट झाला, आणि तो ताण पडद्यावर दिसतो. माणसं कमी बोलतात, यान मात्र डोळे भरून दाखवलं जातं. यानाचा इंजिनियर स्कॉटी कर्कला छोट्या यानातून एंटरप्राइजभोवती फिरवतो ते काही मिनिटांचं, जवळजवळ निःशब्द दृश्य जेरी गोल्डस्मिथच्या संगीतावर तरंगतं. मालिकेचे चाहते दहा वर्षं ज्याची वाट पाहत होते तेच ते. नवख्याला तिथे जांभई येईल. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबईच्या पारशी कुटुंबातली पर्सिस खंबाटा, १९६५ ची मिस इंडिया, इथे आयलियाच्या भूमिकेत आहे. या भूमिकेसाठी तिने डोकं पूर्ण भादरलं होतं, आणि भावनांना जेमतेम वाव असलेल्या त्या भूमिकेतही तिच्यावरून नजर हटत नाही. बघाल तेव्हा दिग्दर्शक रॉबर्ट वाइजने नंतर सुधारून काढलेली ‘डायरेक्टर्स एडिशन’ निवडा आणि घरातला सर्वांत मोठा पडदा धरा.

लहान मुलं सोबत असतील तर मोशन पिक्चर सर्वांत सौम्य. खानमध्ये कानात किडा सोडण्याचा एक प्रसंग आहे, तो दहा वर्षांखालच्या मुलांना झोपू देणार नाही. ‘सेरेनिटी’तली माणसं खाणारी ‘रीव्हर्स’ नावाची टोळी (रिव्हर ही मुलगी वेगळी) त्याहून भयानक, तो चित्रपट मोठ्या मुलांसाठीच.

आणि खान निवडलात तर एक पथ्य पाळा. स्टार ट्रेकच्या तिसऱ्या चित्रपटाचं नावसुद्धा आधी वाचू नका, कारण दुसऱ्याचा शेवट त्या नावातच उघडा पडतो. याद्या, पोस्टर, ‘पुढे काय बघाल’च्या पट्ट्या, सगळं चित्रपट संपल्यावरच.