एडिटमधला रंग आणि एक्सपोर्टमधला रंग: कोणता उपाय कोणासाठी

येवल्याच्या गर्द जांभळ्या पैठणीतली नवरी टाइमलाइनवर जशी दिसत होती तशी एक्सपोर्ट केलेल्या (संपादन पूर्ण करून बाहेर काढलेल्या) फाइलमध्ये दिसत नाही, पदराचा जांभळा फिका पडतो आणि रामकुंडावरच्या आरतीच्या दृश्यातला अंधार धुरकट होतो, हा अनुभव नाशिकमध्ये लग्नाचे आणि कार्यक्रमांचे चित्रण करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना आलेला आहे. त्यावर चार उपाय प्रचलित आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय असल्यासारखे सांगितले जातात. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या दुखण्यांवरचे उपाय आहेत. त्यामुळे निवड करण्यापूर्वी फाइलच बिघडली आहे, की फाइल ठीक असून प्लेअर ती वेगळी वाचतो आहे, हे तपासणे आवश्यक आहे.

तपासणी सोपी आहे. एक्सपोर्ट झालेली फाइल त्याच टाइमलाइनवर मूळ क्लिपच्या वरच्या ट्रॅकवर नेमकी जुळवून ठेवावी आणि तिचा ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करावा, म्हणजे दोन्ही चित्रांतला केवळ फरक पडद्यावर दिसतो. पडदा जवळजवळ पूर्ण काळा झाला, केवळ कडांवर कॉम्प्रेशनचे बारीक ठिपके उरले, तर फाइलमधले रंग बरोबर आहेत. पडद्यावर चित्र स्पष्ट उमटले, तर वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजेडाच्या पातळ्या दाखवणारा आलेख, पाहावा. काळा वर उचललेला आणि पांढरा खाली आलेला दिसला, किंवा उलट दोन्ही टोके कापली गेलेली दिसली, तर चूक लेव्हल्सची आहे: ८ बिटच्या व्हिडिओच्या नेहमीच्या (लिमिटेड) रेंजमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, फुल रेंजमध्ये ते ० आणि २५५ असतात, आणि या दोन पद्धतींची कुठेतरी गल्लत झालेली असते. अशा वेळी क्लिपच्या आणि एक्सपोर्टच्या डेटा लेव्हल्स दुरुस्त कराव्यात. पुढचे चारही उपाय येथे निरुपयोगी आहेत.

डिफरन्सची चाचणी उत्तीर्ण होऊनही क्विकटाइममध्ये चित्र फिके दिसत असेल, तर कारण गॅमाचे, म्हणजे संकेताचे पडद्यावरच्या उजेडात रूपांतर करणाऱ्या वक्राचे, आहे. आरईसी ७०९ चे, म्हणजे एचडी व्हिडिओच्या रंगमानकाचे, चित्र प्रमाणित मॉनिटरवर २.४ गॅमाने पाहिले जाते. १-१-१ असा रंग-टॅग (फाइलमधले रंग कसे वाचावेत हे प्लेअरला सांगणारी नोंद) असलेली फाइल मॅकवरचे कलरसिंक, म्हणजे मॅकची रंगव्यवस्था, मात्र सुमारे १.९६ गॅमाची मानून दाखवते. याचा परिणाम आकड्यात असा, की अर्ध्या पातळीचा संकेत २.४ ने कमाल प्रकाशाच्या १९ टक्के उजेड देतो आणि १.९६ ने तोच सुमारे २६ टक्के होतो. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा जागेवरच राहतात, मधले रंग तेवढे उजळतात. पैठणीचा जांभळा नेमका त्या मधल्या भागात असतो.

आता उपायांची तुलना. पहिला, एक्सपोर्टच्या वेळी चित्र गडद करणारा भरपाईचा लट (एलयूटी, म्हणजे रंगांचे आकडे बदलणारा तक्ता) लावणे. हा सर्वांत सोपा दिसतो, पण मी तो कोणालाही सुचवणार नाही, कारण यात चांगल्या फाइलमधले आकडेच बदलले जातात. ती मॅकवर ठीक दिसते आणि ग्राहकाच्या घरच्या टीव्हीवर किंवा विंडोजच्या संगणकावर गरजेपेक्षा काळी पडते.

दुसरा, सॉफ्टवेअरच्या व्ह्यूअरलाच मॅकच्या रंगव्यवस्थेशी जोडणे. दाविंची रिझॉल्व्हमध्ये व्ह्यूअरसाठी मॅकची डिस्प्ले प्रोफाइल वापरण्याचा पर्याय आहे, प्रीमियर प्रोमध्ये डिस्प्ले कलर मॅनेजमेंट आहे आणि त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत व्ह्यूअरचा गॅमा १.९६, २.२ किंवा २.४ असा निवडता येतो. यासाठी वेगळा खर्च नाही आणि फाइलला धक्का लागत नाही. ज्यांचे काम मुख्यतः यूट्यूब आणि इन्स्टाग्रामसाठी आहे, त्यांनी येथूनच सुरुवात करावी.

तिसरा, टॅग निवडणे. रिझॉल्व्हमध्ये आरईसी ७०९-ए निवडल्यास फाइलवर १-१-१ टॅग लिहिला जातो आणि मॅकवरचा व्ह्यूअर व क्विकटाइम एकमेकांशी जुळतात. हा उपाय दुसऱ्याच्या जोडीने घ्यावा. ग्रेड, म्हणजे रंगांची जुळवणी, पूर्ण झाल्यावर केवळ टॅग बदलला, तर ग्रेड चुकीच्या पडद्यावर झालेला असतो तो तसाच राहतो.

चौथा, वेगळा मॉनिटर. अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी सारख्या उपकरणातून संकेत थेट मॉनिटरकडे जातो, ऑपरेटिंग सिस्टिम मध्ये येत नाही. मॉनिटर कॅलिब्रेट करून (मोजून प्रमाणित करून) पांढऱ्याची पातळी १०० निट्स (उजेडाचे एकक) आणि गॅमा २.४ ठेवावा, आणि खोली मंद उजेडाची असावी. गंगापूर रोडवरच्या दुपारच्या उन्हात उघड्या खिडकीसमोर ठेवलेला महागडा मॉनिटरही गडद छटा खऱ्या दाखवत नाही. टीव्ही वाहिनीला किंवा चित्रपटगृहाला काम द्यायचे असेल, तर हा खर्च टाळू नये. लग्नाच्याच फिल्म करणाऱ्यांनी दुसरा आणि तिसरा उपाय आधी दोन-तीन कामांवर वापरून पाहावा, आणि प्रत्येक फाइल ग्राहकाकडे जाण्यापूर्वी एका साध्या अँड्रॉइड फोनवर, एका आयफोनवर आणि घरच्या टीव्हीवर लावून पैठणीचा पदर नीट पाहावा.