टायरो देवनागरी मराठी लाटेकमध्ये: अक्षर एक नंबर, बोल्डची सोय मात्र आपली आपण करा

हा रिव्ह्यू टायरो देवनागरी मराठी या फॉन्टचा आहे, अन् तोही वर्डमधला नाही तर लाटेकमधला (मजकुरात सूचना लिहून पुस्तकाची पानं लावून घ्यायचा प्रोग्रॅम), त्यातही झीलाटेकमधला, म्हणजे कंप्युटरातले युनिकोड फॉन्ट सरळ वापरणारा त्याचा प्रकार. वर्डमध्ये फॉन्ट निवडला की झालं, इथं तसं नाही राजेहो, इथं फॉन्ट चांगला असून भागत नाही, त्याले नीट सांगावं लागते तू कोण अन् तुझे भाऊबंद कोण.

माझं यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी डीटीपी अन् झेरॉक्सचं काम आहे. लग्नपत्रिका, शाळेचे पेपर, सातबाराच्या प्रिंटा, सगळं चालते, मधातच एखादं पुस्तकही येते. यंदा आलं ते जात्यावरच्या ओव्यांचं, गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून जमवलेल्या, वर ओवी, खाली अर्थ, शेवटी वऱ्हाडी शब्दांची यादी. असलं काम कोरल ड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये करायचं म्हटलं तं एक ओवी वाढली की पुढची सगळी पानं हालतात, पुन्हा बसा ओढत. लाटेकमध्ये मजकूर टाकला की पानं, आकडे, अनुक्रमणिका आपोआप बसते, म्हणून ते.

आता फॉन्ट. टायरो टाइपवर्क्स ही कॅनडातली फॉन्ट बनवणारी कंपनी, त्यांनी देवनागरीचे हिंदी, मराठी, संस्कृत असे तीन वेगवेगळे फॉन्ट दिलेत, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. ओपन फॉन्ट लायसन्स आहे म्हणजे पुस्तक छापून विकलं तरी कोणाले एक रुपया देणं नाही, डोंगल (लायसन्ससाठी कंप्युटरले लावायची किल्ली) नाही, काही नाही. मराठीवालाच काहून घ्यायचा तं ल अन् श साठी. शासनानं २००९ च्या निर्णयात पाकळीवाला ल अन् देठवाला श हेच मराठीचे म्हणून ठरवले, तरी बरेच फॉन्ट उघडले की पहिले हिंदीचा दांडीवाला ल समोर येते. काही फॉन्टात मराठी रूप आत लपलेलं असते, लँग्वेज=मराठी लिहिलं की बाहेर निघते, काहींत नसतेच. टायरो मराठीत ते पहिल्यापासून आहे, काही सांगावं लागत नाही. बाकी अक्षराची ठेवण जुन्या वळणाची, जाड-बारीक रेघ नीट दिसते, मले तं निर्णयसागरच्या जुन्या पोथ्यांची आठवण येते. द्ध, ट्ट, द्व असली जोडाक्षरं एकाखाली एक नीट बसतात, उगाच पाय मोडून ठेवत नाही.

कोणताही फॉन्ट आला की मी एकच शब्द टाकून पाहतो, शेतकऱ्यांनी. आपल्याकडे त्याच्याशिवाय पान निघत नाही. यातला अर्धा र आडवा आला पाहिजे, य च्या डोक्यावर रफार नाही. टायरोत आडवा र एकदम सुंदर येते, वऱ्हाडी, म्हाताऱ्या, तऱ्हा, सगळे बरोबर. पण याच्यात फॉन्टपेक्षा टायपिंगचा घोळ जास्त असते, तो समजून घ्या. आमच्याकडे मजकूर बहुतेक जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात टाइप होऊन येते, म्हणजे तो फॉन्ट नसला की वाचताच येत नाही असा, तो युनिकोड करायच्या कन्व्हर्टरमधून काढला की ऱ च्या जागी साधा र पडते अन् शेतकर्यांनी होऊन बसते. मग लोक म्हणतात फॉन्ट खराब. फॉन्ट बिचारा जे दिलं तेच दाखवते. अन् फाइंड रिप्लेस एका झटक्यात मारू नका, नाहीतर सूर्य, कार्य, आश्चर्य यांच्या डोक्यावरचा खरा रफार पण जाते अन् पूर्ण पुस्तकाची वाट लागते. एक एक शब्द पाहूनच करा, दुसरा इलाज नाही.

लाटेकमध्ये लावायचं म्हणजे फॉन्टस्पेक हे फॉन्ट जोडायचं पॅकेज घ्यायचं, फॉन्ट कंप्युटरात इन्स्टॉल करायचा किंवा फाइल सरळ कामाच्या फोल्डरात ठेवून पाथ द्यायचा. मी फोल्डरातच ठेवतो, पेनड्राइव्हवर काम उचलून दुसऱ्या मशीनवर नेलं तरी चालते. अन् स्क्रिप्ट=देवनागरी हे लिहायचंच लिहायचं. ते नसलं तं पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते अन् जोडाक्षरं हलंतासकट सुटी पडतात, मग नवा माणूस घाबरून लाटेकच सोडून देते. लुआलाटेक (लाटेकचा दुसरा प्रकार) वापरत असाल तं रेंडरर=हार्फबझ पण द्या, म्हणजे अक्षरं नीट जुळतात, झीलाटेकले ते लागत नाही. पॉलिग्लॉसिया या भाषेच्या पॅकेजात भाषा मराठी ठेवली की पानांचे आकडे देवनागरीत येतात, शब्द ओळीच्या शेवटी कुठं तोडायचा तेही त्याले समजते. नेट आमच्याकडे लाइनीसारखंच, आलं तं आलं, त्यामुळे टेक लाइव्ह, म्हणजे लाटेक अन् त्याच्या सगळ्या पॅकेजांचा गठ्ठा, एकदाच पूर्ण उतरवून घेतलं, कित्येक जीबीचं आहे पण नंतर नेटची गरज पडत नाही.

आता खरी भानगड. या फॅमिलीत फक्त रेग्युलर अन् इटॅलिक आहे. बोल्ड नाही. वर्डमध्ये बी दाबलं की वर्ड स्वतःच नकली जाड करून देते, लाटेक तसं करत नाही अन् थांबतही नाही. लॉगमध्ये, म्हणजे काम करताना तो लिहून ठेवते त्या नोंदीच्या फाइलीत, एक वॉर्निंग टाकते की बाबा हा शेप नाही, मी साधाच वापरला, अन् पीडीएफ काढून मोकळं. लॉग वाचते कोण? मथळे साइजनं मोठे असतात म्हणून स्क्रीनवर डोळ्यात भरत नाही, पण यादीतला जो शब्द ठळक पाहिजे तो साधाच छापून येते अन् यादी अन् अर्थ एकात एक मिसळतात. याचाच एक स्टार कापला मी.

त्याच्यावर झीलाटेकमध्ये ऑटोफेकबोल्ड म्हणून ऑप्शन आहे. ते नुसत्या कडा जाड करते, मथळ्याले एकवेळ चालून जाईल, पण दहा पॉइंटात ठ्ठ अन् क्ष ची पोटं भरून जातात. त्यापेक्षा बोल्डफॉन्ट म्हणून सरळ दुसऱ्या फॅमिलीचा फॉन्ट द्या, फॉन्टस्पेक नाही म्हणत नाही. मी मुक्ता दिला, मुंबईच्या एक टाइपचा, तोही फुकट, एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत सात वजनं आहेत त्यात. सेमीबोल्ड पुरते, एक्स्ट्राबोल्ड घेतला तं पान दुकानाच्या पाटीसारखं दिसते. मुक्ता बिनजाड-बारीकवाला सपाट अक्षराचा आहे, टायरो पोथीच्या वळणाचा, त्यामुळे ठळक शब्द वेगळाच उठून दिसते अन् शब्दयादीले तेच पाहिजे होतं. फक्त उंची जुळवून घ्या. स्केल=मॅचलोअरकेस लिहून मोकळं व्हायचं नाही, ते इंग्रजी छोट्या अक्षराची उंची पाहून जुळवते, आपल्या शिरोरेषेचं त्याले काय. बोल्डफीचर्समध्ये स्केलचा आकडा स्वतः टाकायचा, एक ओळ प्रिंट काढायची, शिरोरेषा शेजारी शेजारी पाहायची, पुन्हा कमी-जास्त करायचा. अन् बोल्डमधला ल अन् श कसा येते तेही त्याच ओळीत पाहून घ्या.

इटॅलिक मात्र भारी आहे. बोल्डसारखं नाही, ते फॅमिलीतच आहे. ओवी साध्यात, अर्थ इटॅलिकात, असं पान लावलं अन् मधात ना रेघ लागली ना चौकट. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, मी सव्वापट ठेवलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार अन् खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींत घुसतात.

छपाईले काही त्रास नाही, फॉन्ट पीडीएफच्या आत जाते, प्रेसवाल्याकडे टायरो असो नसो. त्यांचा नेहमीचा प्रश्न असते, फॉन्ट पाठवा, कर्व्ह करून (अक्षरांची चित्रं करून) पाठवा. काही करायचं नाही, पीडीएफ द्यायची.

शाळेच्या पेपराले मी हा वापरत नाही. तिथं सूचना बोल्ड, प्रश्न नंबर बोल्ड, गुण बोल्ड, मास्तरांले सगळंच बोल्ड पाहिजे, मग टायरो राहते किती? त्यासाठी सरळ मुक्ताच मेन फॉन्ट ठेवतो, रेग्युलर अन् बोल्ड एकाच घरचे. गणिताच्या समीकरणातले आकडे तरी इंग्रजीच येतात, ते मॅथचा फॉन्ट वेगळा असते म्हणून, त्याले टायरो-मुक्ता काही करू शकत नाही. अन् लग्नपत्रिकेले तं लाटेकच नको, नवरीच्या मामाले वेलबुट्टी पाहिजे असते, तिथं कोरल ड्रॉच बरा.