सरकारी तारे आणि पाहुण्यांचे शेरे: कोणाचे कुठे ऐकावे?

भारतात हॉटेलांना अधिकृत तारे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरण समितीच्या तपासणीनंतर मिळतात. हे वर्गीकरण ऐच्छिक असून 5 वर्षे वैध असते. समिती खोलीचे क्षेत्रफळ, न्हाणीघर, अग्निसुरक्षा, दिव्यांगांसाठीच्या सोयी अशा मोजता येणाऱ्या गोष्टी पाहते. पाहुणा मात्र पहाटे नळाला गरम पाणी आले का, शेजारच्या लॉनवर लग्नाचा डीजे किती वाजेपर्यंत दणदणत होता आणि तक्रार केल्यावर स्वागतकक्षातल्या माणसाने कसे तोंड केले, ते लिहितो. शिवाय तो दिलेल्या पैशांच्या मानाने गुण देतो, म्हणून महाबळेश्वरातल्या बिनताऱ्याच्या लॉजने गुणांत पंचतारांकित हॉटेलला मागे टाकले, तर तारे किंवा शेरे यांपैकी कोणीच खोटे ठरत नाही.

ताऱ्यांचा दोष असा की तपासणीनंतरच्या वर्षांत गाद्या दबल्या, कर्मचारी बदलले, तरी पाटी तीच राहते. त्यातच बुकिंगच्या संकेतस्थळांवरचे तारे पुष्कळदा हॉटेलनेच कळवलेले असतात. शेरे ताजे असतात, पण विकतही मिळतात. भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणले खरे, पण तेही ऐच्छिकच.

माझे मत विचाराल तर, व्हीलचेअरवरचे आजोबा सोबत असतील तेव्हा अधिकृत वर्गीकरण आधी पाहावे आणि रॅम्पबद्दल फोनवर खात्री करावी. स्वच्छता व वागणुकीसाठी मात्र गेल्या दोन-तीन महिन्यांतले, त्यातही मधल्या गुणांचे सविस्तर शेरे अधिक भरवशाचे.