एमबीएला निघालेल्या मुलीसाठी: राज्याची शुल्कमाफी की खासगी शिष्यवृत्ती?

व्यवस्थापन शिकायचे ठरले, सीईटीचा (राज्याच्या प्रवेश परीक्षेचा) पर्सेंटाइल हातात आला, घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. इथून पुढे मुलीसमोर आणि तिच्या घरच्यांसमोर दोन वाटा असतात. पहिली म्हणजे कॅप (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून मिळेल ते चांगले कॉलेज घ्यायचे आणि राज्य सरकारच्या मुलींसाठीच्या शुल्कमाफीवर शिकायचे. दुसरी, पीजीडीएम (संस्थेची स्वतःची व्यवस्थापन पदविका) देणाऱ्या संस्थेत किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घ्यायचा आणि बँका, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे) विभाग, महिला संघटना यांच्या शिष्यवृत्त्यांतून फीचा भार हलका करायचा. दोन्ही वाटांनी मुली पुढे गेल्या आहेत. माझा कल कुठे आहे ते लपून राहणार नाही, पण कुणाची परिस्थिती वेगळी असेल तर निर्णयही वेगळा निघू शकतो, हे आधीच सांगतो.

शुल्कमाफीची मूळ माहिती बहुतेकांना आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात आधी मिळणारी ५० टक्के सवलत १०० टक्के झाली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. एमबीए आणि एमएमएस (एमबीएसारखीच व्यवस्थापनाची विद्यापीठ पदवी) हे व्यावसायिक अभ्यासक्रम असल्यामुळे त्यांनाही ती लागू आहे. लोक गडबडतात ते याच निर्णयातल्या एका अटीवर: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या आणि संस्था पातळीवरच्या जागा वगळलेल्या आहेत. अभिमत विद्यापीठे आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही वगळलेली आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्या. जमनालाल बजाज, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था, पुणे विद्यापीठाचा पुम्बा हा विभाग, अशा ठिकाणी एमबीए-सीईटीवरून कॅपमधून जागा मिळाली तर माफी लागते. सिम्बायोसिस किंवा एनएमआयएमएसला लागत नाही, कारण ती अभिमत विद्यापीठे आहेत. आणि काही संस्थांत एकाच इमारतीत, एकाच प्रवेशद्वारातून आत गेल्यावर दोन अभ्यासक्रम चालतात: एक विद्यापीठाशी संलग्न एमएमएस, दुसरा संस्थेचा स्वतःचा पीजीडीएम. माफी पहिल्याला आहे, दुसऱ्याला नाही. समुपदेशनाच्या टेबलावर 'पीजीडीएमचा अभ्यासक्रम जास्त अद्ययावत आहे' एवढेच सांगितले जाते, आणि ते कदाचित खरेही असेल. पण फीचा हा फरक तिथे कुणी आपणहून काढत नाही, तो तुम्हीच विचारायचा.

आता फी माफ म्हणजे शिक्षण फुकट, असेही नाही. कॉलेजची फी-पावती समोर ठेवून ओळीओळीने वाचा. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क या दोन ओळी जातात. विकास शुल्क, अनामत, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, वसतिगृह, मेस या ओळी तशाच राहतात. समजा शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या १ लाख १० हजारांत १ लाख शिक्षण शुल्क आणि १० हजार विकास शुल्क असेल, तर ते १० हजार भरावे लागतील. मुलगी परगावी राहणार असेल तर खरा खर्च खोलीभाड्याचा आणि जेवणाचा असतो. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम मिळते. सरकारी वसतिगृहात जागा मिळालेली असेल तर हा लाभ नाही. शुल्कमाफी मिळाली म्हणून या योजनेचा अर्ज आपोआप होत नाही, तो वेगळा भरावा लागतो, आणि नेमका तोच भरायचा राहून जातो.

खासगी शिष्यवृत्त्यांकडे वळलो तर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की, फक्त मुलींसाठी आणि त्यातही फक्त व्यवसाय-व्यवस्थापनासाठी अशा शिष्यवृत्त्या आपल्याकडे फार थोड्या आहेत. कोटक कन्या ही मोठी आहे, वर्षाला दीड लाखापर्यंत देते, पण ती बारावीत ७५ टक्के किंवा अधिक मिळवून व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलींसाठी. एमबीएवालीने तिच्यात वेळ घालवू नये. आयडीएफसी फर्स्ट बँकेची एमबीए शिष्यवृत्ती थेट कामाची आहे: वर्षाला १ लाख, दोन वर्षे, उत्पन्न ६ लाखांच्या आत. मात्र ती ठरावीक महाविद्यालयांच्या यादीपुरती आहे, आणि मुलामुलींना सारखीच खुली आहे. एचडीएफसी बँकेच्या परिवर्तन योजनेत व्यावसायिक पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ७५ हजार मिळतात, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे ज्या घरात वडील एसटीत वाहक आहेत, ते घर सरकारच्या ८ लाखांत सहज बसते आणि या अडीच लाखांच्या बाहेर जाते. मध्यमवर्गाच्या खालच्या पायरीवरची मुलगी खासगी योजनांत नेमकी अशीच सुटते.

मला ज्या गोष्टीने एका बाजूला ढकलले ती मात्र रक्कम नाही, उत्पन्नाची अटही नाही. बहुतेक खासगी शिष्यवृत्त्यांच्या अर्जात चालू वर्षाची फी-पावती किंवा पक्क्या प्रवेशाचा पुरावा मागतात. क्रम असा पडतो: प्रवेश घ्या, पहिला हप्ता भरा, पावती घ्या, अर्ज करा, छाननी, फोनवर मुलाखत, कागदपत्रांची फेरतपासणी, मग निकाल. हा निकाल येतो तोवर पहिले सत्र संपत आलेले असते. म्हणजे ज्या घराकडे जुलै-ऑगस्टमध्ये दीड-दोन लाख रोख नाहीत, त्या घराला ही शिष्यवृत्ती प्रवेश घेण्यासाठी उपयोगाचीच नाही. ती आधीच काढलेल्या कर्जाची भरपाई आहे, तीही मिळाली तर. सोने गहाण ठेवून भरलेला हप्ता शिष्यवृत्तीच्या आशेवर असतो आणि शिष्यवृत्तीचा निर्णय शेकडो अर्जांतल्या निवडीवर. पात्र असणे आणि निवड होणे या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुल्कमाफी उलट हक्काची आहे. अटी पूर्ण केल्या की निवड समितीचा प्रश्न येत नाही, आणि शिक्षण शुल्काची रक्कम प्रवेशाच्या दिवशीच बाजूला पडते. 'आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ' असे एखादे कॉलेज म्हणाले, तर शासन निर्णयाची प्रत दाखवावी आणि तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी. तोंडी वादाचा उपयोग होत नाही.

सरकारी बाजूचे त्रास खोटे नाहीत. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर अडकून पडणे ही त्यांतली सगळ्यात नेहमीची गोष्ट. अर्ज भरला की काम संपले असे समजून मुली पोर्टल पुन्हा उघडत नाहीत, आणि तिकडे कारकुनाने उत्पन्न दाखल्यातली एक तफावत दाखवून अर्ज परत पाठवलेला असतो. मुदत संपते. आठवड्यातून एकदा स्थिती पाहायची सवय लावावी. परत आलेल्या अर्जाची कारणे बहुधा ठरलेली असतात:

- उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा नसणे, चुकीच्या वर्षाचा असणे, किंवा आई-वडील दोघांचे उत्पन्न धरलेले नसणे.
- पदवीनंतर एक-दोन वर्षे नोकरी केली असेल तर गॅप सर्टिफिकेट जोडायचे राहणे. एमबीएवाल्या मुलींत हे फार.
- आधारवरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव जुळत नसणे.
- कॅपचे जागावाटप पत्र न जोडता फक्त कॉलेजचे प्रवेशपत्र जोडणे.

बँक खात्याचे प्रकरण स्वतंत्रपणे सांगायला हवे. खाते आधारशी 'लिंक' असणे आणि थेट लाभासाठी 'सीड' असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. भत्त्याची रक्कम जाते ती शेवटी सीड केलेल्या खात्यात. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्याकडे सीडिंग गेलेले असते आणि मुलगी राष्ट्रीयीकृत बँकेच्या पासबुकात रक्कम शोधत बसते. यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते. अर्ज भरण्याआधी ती पाहा.

आरक्षित प्रवर्गातून जागा घेणाऱ्या मुलींनी नॉन-क्रिमिलेअरची वैधता आणि जात पडताळणी यांच्या तारखा कॅपच्या वेळापत्रकाशी आधीच ताडून पाहाव्यात. मुदतीत प्रमाणपत्र आले नाही तर नाव खुल्या प्रवर्गात जाते, कॉलेज खालचे मिळते किंवा कॅपमधून जागाच मिळत नाही. मग संस्था पातळीवरची जागा घ्यावी लागते, आणि तिथे शुल्कमाफी संपते. कॅपनंतर रिकाम्या राहिलेल्या जागा कॉलेज स्वतः भरते तेव्हा 'तुम्हाला पण सवलत बसेल' असे सांगितले जाते. लेखी मिळाल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

बारावीनंतर बीबीए किंवा बीएमएसला जाणाऱ्या मुलींसाठी एक अडचण वेगळी आहे. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांची सीईटी सुरू झाली. काही महाविद्यालयांनी मात्र तोच अभ्यासक्रम बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) अशा नावाने ठेवला. नाव बदलले की तो सीईटी आणि कॅपच्या बाहेर गेला, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कमाफीच्याही बाहेर. माहितीपत्रकात विषयांची यादी जवळपास सारखीच दिसेल. पदवीचे पूर्ण नाव वाचा.

खासगी बाजूची एक शिष्यवृत्ती मला मनापासून आवडते, कारण ती खरोखर व्यवसायात उतरू पाहणाऱ्या महिलांसाठी आहे. झोंटा इंटरनॅशनल या १९१९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या संघटनेची. जेन एम. क्लाउसमन या सभासद महिलेने मागे ठेवलेल्या देणगीतून ती १९९८ मध्ये सुरू झाली. अर्ज स्थानिक झोंटा क्लबमार्फत करायचा असतो. क्लबची निवड, मग विभाग, मग आंतरराष्ट्रीय, अशा पायऱ्या आहेत. ती प्रवेशाचा खर्च भागवायला नाही. आधीच शिकत असलेल्या मुलीची गुणवत्ता, तिचे उद्दिष्टाचे निवेदन आणि शिफारसपत्रे पाहून ती दिली जाते. म्हणून शुल्कमाफीवर एमबीएचे पहिले वर्ष पार पडले की तिच्याकडे वळावे. निवेदनात 'मला यशस्वी उद्योजिका व्हायचे आहे' असे लिहून भागत नाही. इंटर्नशिपमध्ये नेमके काय केले, गावातल्या बचत गटाचा हिशेब मांडून दिला असेल तर त्यातून काय बदलले, ते लिहावे.

परदेशी एमबीएचा विचार असेल तर गणितच निराळे. तिथे फोर्टेसारख्या, २००१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची फेलोशिप तिच्या सदस्य बिझनेस स्कूलांमार्फतच मिळते. ती मिळवायची तर त्या शाळेच्या प्रवेश अर्जावरच मेहनत घ्यायची.

खासगी वाट कुणी धरावी? उत्पन्न ८ लाखांच्या वर असेल तर शुल्कमाफी नाहीच. मुलीला कॅट या देशपातळीवरच्या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळून नावाजलेल्या पीजीडीएम संस्थेत जागा मिळत असेल आणि तिथल्या नोकऱ्यांचे आकडे लेखापरीक्षित अहवालात दिसत असतील, तर शैक्षणिक कर्ज काढून जाणे मलाही चूक वाटत नाही. अनेक सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात, ती मागून घ्यावी. पण सीईटीला मधल्या फळीतले गुण आणि घरात तीन-चार लाखांचे उत्पन्न, अशी परिस्थिती असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणचे मान्यताप्राप्त कॉलेज कॅपमधून घ्यावे. बारा लाखांच्या पीजीडीएमवर ७५ हजारांची शिष्यवृत्ती मिळाली तरी सव्वाअकरा लाख उरतात.

दुसऱ्या वर्षी महाडीबीटीचा अर्ज नूतनीकरणाचा असतो आणि तो पुन्हा स्वतः भरावा लागतो. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि नवा उत्पन्न दाखला हाताशी ठेवा, कारण सेतू केंद्रात ऑगस्टमध्ये दाखल्यांची गर्दी असते. मे महिन्यातच अर्ज टाकलेला बरा.