रत्नागिरीतलं एआयवालं एक्सरे सेंटर: मशीनला चार स्टार, कारभाराला दोन

सेंटरचं नाव लिहीत नाही. जे लिहितोय ते एका सेंटरपुरतं नाहीच, आपल्याकडे अजून दोनचार ठिकाणी हे सुरू झालंय आणि उद्या सगळीकडे होणार. माझं स्वतःचं मेडिकल आहे त्यामुळे रिपोर्ट घेऊन येणारी माणसं रोज समोर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चांगलं ते. डिजिटल एक्सरे, जागा स्वच्छ, दर बाहेर बोर्डावर, म्हाताऱ्या माणसाला हात धरून आत नेतात. आणि रिपोर्ट खरंच लगेच. लांजा, राजापूर, संगमेश्वरवरून येणाऱ्या माणसाला हे किती मोठं आहे ते ज्याची शेवटची एसटी कधी चुकलीय त्यालाच कळेल. रेडिओलॉजिस्ट आपल्याकडे मोजकेच, ते पण दोनतीन हॉस्पिटलं सांभाळणारे, मग फिल्म पडून राहायची आणि पेशंट दुसऱ्या दिवशी परत. आता मशीन (म्हणजे एआयचं सॉफ्टवेअर) छातीचा एक्सरे मिनिटभरात वाचतं आणि संशयास्पद असेल तो वर काढतं. डब्ल्यूएचओने 2021 मध्येच 15 वर्षांवरच्या लोकांच्या टीबी तपासणीसाठी असलं सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही म्हटलंय, तेव्हा ही काही भोंदूगिरी नाही, माझा विरोध मशीनला अजिबात नाही.

आता काय झालं ते. काकांना खोकला होता बरेच दिवस, म्हणून नेलं. आम्ही घरी पोचायच्या आधीच काकांच्या मुलाच्या व्हॉट्सअॅपवर पीडीएफ. एक्सरेचा फोटो, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला लालपिवळा डाग रंगवलेला, खाली टीबी आणि पुढे 0.78 (मशीनला किती संशय आहे त्याचा शून्य ते एकमधला आकडा). एकदम तळाला बारीक इंग्रजीत, डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी असं काहीतरी. सही नाही, कुठल्या डॉक्टरचं नाव नाही. तो फोटो रात्रीपर्यंत मुंबईच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर फिरला. काकींनी ताटवाटी वेगळी केली (टीबी भांड्यांनी पसरत नाही हो, हवेतून पसरतो, पण त्या रात्री कोण ऐकणार), नातवंडांना माडीवर पाठवलं, आणि काका पडवीत एकटे बसून. सही झालेला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला, त्यात लिहिलेलं, जुन्या आजाराचा व्रण, तरी थुंकी तपासून घ्या.

जुना आजार म्हणजे काका गिरणीत होते लालबागला, 82 च्या संपाच्या आधी, तेव्हा टीबी झालेला, शिवडीच्या हॉस्पिटलात पूर्ण कोर्स करून बरे झालेले. व्रण राहतो तो राहतोच. वय झालेल्या आणि आधी टीबी होऊन गेलेल्या माणसांच्या बाबतीत ही सॉफ्टवेअरं जास्त चुकतात हे अभ्यासांत आधीच दिसलेलं आहे, आणि आपल्या कोकणात गिरणीतून परत आलेली अशी म्हातारी माणसं घरटी नाही म्हटलं तरी वाडीला एखाददुसरं असतंच. काकी एवढंच म्हणाल्या, "ह्यांना आधी होऊन गेलाय ता कोणी इचारलानच नाय." खरंच कोणी विचारलं नाही, काउंटरवरच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. शिवाय 0.78 म्हणजे जास्त की कमी हे मशीन ठरवत नाही, किती आकड्याच्या वर संशयित धरायचं ते तिथल्या लोकांवर तपासून माणसाने ठरवायचं असतं, डब्ल्यूएचओ पण एकच आकडा सगळ्यांना देत नाही. मी काउंटरवर विचारलं की आमचा आकडा कोणी ठरवला, तर ती मुलगी बिचारी म्हणाली कंपनीने सेट करून दिलंय. तिची चूक नाही, तिला कोणी शिकवलंच नाही.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. टीबीच्या गोळ्या शेड्यूल एच वनमध्ये (कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत) येतात. एक स्ट्रिप जरी दिली तरी वेगळ्या रजिस्टरला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं ते लिहायचं आणि ते रजिस्टर 3 वर्षं सांभाळायचं, ड्रग इन्स्पेक्टर येऊन कधीही बघू शकतो. 2018 पासून टीबीच्या पेशंटची माहिती सरकारला कळवणं पण आम्हा केमिस्टना बंधनकारक आहे. बरोबरच आहे ते. पण मग ज्याने "टीबी" हा शब्द सगळ्यात आधी घरात पाठवला त्याचं रजिस्टर कुठंय? कोणत्या सॉफ्टवेअरने, कोणत्या व्हर्जनने वाचलं, आकडा किती ठेवलेला, कोणत्या डॉक्टरने बघितलं, मशीनचं आणि डॉक्टरचं जुळलं की नाही, एवढ्या पाच गोष्टी वहीत लिहायला काय लागतं? सहा महिन्यांची वही चाळली की आपल्या भागात मशीन कुठे चुकतंय ते आपोआप दिसेल, त्याला मोठी समिती नको.

नियम नाहीत असं पण नाही. 2020 च्या टेलिमेडिसिन (फोनवरून, ऑनलाइन उपचार) गाइडलाइन्समध्ये साफ लिहिलंय की एआयने पेशंटला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहायचं नाही, डॉक्टरला मदत करायची बस. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2023 मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी वेगळी तत्त्वं काढली, त्यात पेशंटला कळलं पाहिजे, जबाबदार कोण ते ठरलेलं पाहिजे, माणसाची नजर पाहिजे हे सगळं आहे, पण ती तत्त्वं, कायदा नव्हे. एप्रिल 2020 पासून निदानाचं सॉफ्टवेअर मेडिकल डिव्हाइसमध्ये धरतात, म्हणजे कंपनीवर थोडाफार लगाम आहे. मधे लोंबकळतं ते सेंटर. कंपनी म्हणते आम्ही फक्त मदतनीस, सेंटर म्हणतं सिस्टिमने पाठवलं, आणि पेशंट पडवीत.

दुसरी खटकलेली गोष्ट संमतीचा फॉर्म. पूर्ण इंग्रजी, आणि मधेच एक ओळ की तुमच्या प्रतिमा सॉफ्टवेअर सुधारण्यासाठी वापरू. सही एकच, एक्सरेची आणि ह्याची मिळून. सही नाही केली तर एक्सरे नाही. 2023 चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो संमती मोकळी आणि स्पष्ट हवी, जेवढं काम तेवढ्याच माहितीसाठी, आणि ती सूचना माणसाला आपल्या भाषेत वाचता आली पाहिजे. मराठीत दोन ओळी आणि दोन वेगळ्या सह्या, प्रिंटआउटचा खर्च किती येणार?

काकांची थुंकी सरकारी दवाखान्यात ट्रूनॅटवर तपासली, फुकट (थुंकीत टीबीचे जंतू शोधणारं ते मशीन आपल्या शेजारच्या गोव्यातल्याच मोलबायो कंपनीचं), निगेटिव्ह आली, खोकला दुसऱ्याच कारणाचा निघाला.

सेंटरच्या डॉक्टरांना भेटलो तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं हे सांगायलाच हवं. सही होईपर्यंत पीडीएफ जाणं बंद करतो म्हणाले आणि केलं पण, मागच्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर फक्त सहीवालाच रिपोर्ट होता. जुन्या आजाराचा रकाना आणि मराठी फॉर्म अजून आलेला नाही. मेडिकल कॉलेज आता रत्नागिरीतच आहे, तिथल्या छातीरोगाच्या लोकांनी आणि जिल्हा आरोग्य खात्याने मिळून शहरातल्या सगळ्या सेंटरना तो वहीचा नमुना ठरवून द्यावा, मी तसं लेखी पत्र दिलंय, अजून कोणाला सही करायची असेल तर दुकानात या.

एकूण तीन स्टार. जाणार असाल तर जुने एक्सरे आणि जुन्या ट्रीटमेंटचे कागद सोबत न्या, आधी टीबी झाला असेल तर स्वतःहून सांगा, कोणत्या डॉक्टरने वाचलं ते नाव विचारून घ्या, आणि सहीशिवायचा रिपोर्ट आलाच तर घरच्या ग्रुपवर टाकू नका.